परवाना आणि पंगत

१९७६ साली मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सराव पाठासाठी आम्हा आठ जणांची तुकडी मराठवाड्यातल्या एका खेड्याच्या शाळेवर गेली होती. माझ्या वाट्याला पहिलीचा वाचनपाठ आला. पाठ चांगला झाला. मुख्याध्यापकांनी माझ्या पाठ टाचणाच्या वहीत ‘उत्तम’ असा शेरा मारून खाली सही केली. मधल्या सुट्टीत चहा आला. सात जणांना कार्यालयात, मला व्हरांड्यात. सात जणांना शाळेच्या कपबश्या, मला खिडकीत उपडा ठेवलेला, कान तुटलेला कप. कोणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही. वहीतली सही खरी होती आणि तो कपही खरा होता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून पंधरा मिनिटांच्या अंतराने घडू शकतात, हे मला त्या दिवशी कळले.

पुढे नोकरी लागल्यावर सुट्टीत मी औरंगाबादला नागसेनवनात जाऊन वाचीत बसे. तेथे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचे ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ हे १९०३ सालचे पुस्तक हाती आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहून दलितांच्या आणि काळ्यांच्या प्रश्नांतील साम्य सांगितले, तेच हे ड्यू बॉइस. अमेरिकेतील फिस्क विद्यापीठात शिकत असताना, म्हणजे १८८० नंतरच्या दशकात, ते उन्हाळ्याच्या सुट्टीत टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागात शिक्षकाची नोकरी शोधीत हिंडले. आधी शिक्षकांचे प्रशिक्षण वर्ग झाले. गोऱ्या शिक्षकांना सकाळी शिकवीत, काळ्यांना रात्री. मग पायपीट करता करता त्यांना एक शाळा सापडली. एका गोऱ्या तरुणाबरोबर ते शाळा-अधिकाऱ्याच्या घरी गेले. त्या तरुणाला गोऱ्यांची शाळा हवी होती. अधिकाऱ्याने ड्यू बॉइस यांचे प्रमाणपत्र पाहिले, चालेल म्हणाला आणि जेवायला थांबण्याचा आग्रहही केला. ड्यू बॉइस यांना वाटले, नशीब उघडले. पण पाने वाढली गेली तेव्हा आधी ते दोघे जेवले आणि मागाहून ड्यू बॉइस एकटे.

हे वाचले तेव्हा तो कान तुटलेला कप माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. परवाना मंजूर, पंगत नामंजूर! त्या दिवसापासून अमेरिकेत ‘वाचायला शिकवण्याचा अधिकार कोणाला’ या प्रश्नाचा इतिहास मी जमेल तसा धुंडाळीत आलो.

आज तो मांडावासा वाटतो याला कारण आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांनी गेल्या काही वर्षांत प्राथमिक वर्गांत वाचन शिकवणाऱ्या शिक्षकांच्या आणि वाचनतज्ज्ञांच्या परवान्याच्या अटी बदलल्या आहेत. आपल्याकडेही शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, गाजते आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही ती बंधनकारक ठरवली. मी अध्यापक विद्यालयातून निवृत्त झालो तरी माझे जुने विद्यार्थी घरी येतात. त्यांतील एकाने विचारले, “सर, ही परीक्षा मुलांच्या भल्यासाठी आहे की आपल्याला बाहेर काढण्यासाठी?” मला एका शब्दात उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

*

सुरुवात परवान्यापासून होत नाही, बंदीपासून होते. दक्षिण कॅरोलिनात १७३९ साली स्टोनो येथे गुलामांचे बंड झाले आणि पुढच्याच वर्षी, १७४० साली, तेथील कायद्याने गुलामाला लिहायला शिकवणे हा शंभर पौंड दंडाचा गुन्हा ठरवला. लिहिता येणारा गुलाम स्वतःच स्वतःचा पास लिहून पळून जाईल, ही भीती होती. १८३० साली उत्तर कॅरोलिनाने वाचन शिकवण्यावरही बंदी घातली. शिकवणारा गोरा असेल तर दंड किंवा कैद आणि स्वतंत्र काळा असेल तर दंड, कैद किंवा फटके. म्हणजे गुन्हा एक आणि शिक्षा वर्णाप्रमाणे! मनुस्मृतीचा दंडविधान वाचलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. १८३२ साली अलाबामाने दंड अडीचशे ते पाचशे डॉलरपर्यंत नेला. १८३४ साली दक्षिण कॅरोलिनानेही वाचनाला बंदीत ओढले.

कायदे कागदावरच राहिले असे नाही. मार्गारेट डग्लस या गोऱ्या बाई व्हर्जिनियातील नॉरफोक शहरात स्वतंत्र काळ्यांच्या मुलांना घरी वाचायला शिकवीत. त्यांना १८५४ साली एक महिन्याची कैद झाली. त्याआधी सहा वर्षे पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली होती आणि तेथे शिकवणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-माती पडत होती. एका देशात कायदा शिक्षा करीत होता, दुसऱ्या देशात धर्म. दोन्हीकडे अपराध एकच होता, अक्षर चुकीच्या हाती देण्याचा.

यादवी युद्ध सुरू झाले आणि १८६१ साली पळून आलेले गुलाम व्हर्जिनियातील फोर्ट मनरो या लष्करी किल्ल्याच्या आश्रयाला जमले. मेरी पीक या स्वतंत्र काळ्या बाईंनी त्यांच्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्यांची पहिली शाळा एका ओक झाडाखाली भरली असे सांगतात आणि ते झाड आजही हॅम्प्टन येथे उभे आहे. क्षयाने खंगलेल्या या बाई काही महिने शिकवून फेब्रुवारी १८६२ मध्ये वारल्या. त्यांच्याजवळ कसला परवाना होता? कोणताच नाही. त्यांना कोणी प्रमाणपत्र मागितले असते, तर ते देणारी कचेरी तीच होती जिने कालपर्यंत बंदी घातली होती. १८६८ साली त्याच हॅम्प्टनला काळ्या शिक्षकांना घडवणारी संस्था निघाली. अशा अध्यापन-शाळा दक्षिणेत जागोजागी उभ्या राहिल्या आणि गुलामांची नातवंडे तेथून शिक्षक होऊन बाहेर पडू लागली. प्रमाणपत्र ही त्यांच्या घरातील पहिली सन्मानाची वस्तू होती. आपल्याकडे व्हर्नाक्युलर फायनलची सनद चौकट करून भिंतीवर लावीत, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे समजेल.

*

या प्रमाणपत्राचे पुढे काय झाले हे एका बाईच्या आयुष्यावरून पाहावे. सेप्टिमा क्लार्क यांचा जन्म १८९८ साली दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टन शहरात झाला. वडील गुलामीत जन्मलेले. १९१६ साली एव्हरी संस्थेतून त्या शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. पण चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत काळ्यांना शिक्षकाची नोकरी नव्हती. काळ्या मुलांच्या शाळेतही नव्हती! परवाना होता, वर्ग नव्हता. त्या जवळच्या जॉन्स बेटावर गेल्या. तेथील शाळेत १३२ मुले आणि दोन शिक्षिका. रस्त्यापलीकडे गोऱ्यांची शाळा होती. तीत मुले तीन आणि तेथील शिक्षिकेचा पगार सेप्टिमाबाईंच्या दुपटीहून अधिक.

नंतरच्या काही वर्षांत चार्ल्स्टनच्या काळ्या लोकांनी घरोघरी सह्या गोळा केल्या आणि १९२० साली शहराच्या शाळांचे दार काळ्या शिक्षकांना उघडले. पगाराचा प्रश्न तसाच राहिला. १९४० साली नॉरफोकच्या मेल्विन ॲल्स्टन या शिक्षकाच्या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने सांगितले की वर्ण पाहून पगार कमी देणे घटनाबाह्य आहे. ज्या शहरात मार्गारेट डग्लस तुरुंगात गेल्या, त्याच शहराचा हा खटला. राज्याराज्यांत तसे दावे उभे राहिले.

येथे इतिहास एक वळण घेतो. त्याच १९४० साली राष्ट्रीय शिक्षक परीक्षा सुरू झाली होती. ती काढणाऱ्यांचा हेतू काहीही असो, दक्षिणेतील सत्ताधाऱ्यांना तिच्यात आपली सोय दिसली. १९४५ साली न्यायालयाने दक्षिण कॅरोलिनात समान पगाराच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी त्या राज्याने ही परीक्षा स्वीकारली. गुणांप्रमाणे शिक्षकांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी आणि प्रतवारीप्रमाणे पगार. आता कोणी वर्णाचे नाव घेत नव्हते. ज्या काळ्या शिक्षकाला तीन खोल्यांच्या शाळेत, फाटक्या पुस्तकांवर, वर्षातले काही महिनेच शिकायला मिळाले होते, त्याचे गुण कमी येणार हे सर्वांना ठाऊक होते. आधी विहीर बंद करायची आणि मग पोहण्याची परीक्षा घ्यायची, असा हा न्याय होता. ‘गुणवत्ता’ हा शब्द आपण मंडल आयोगाच्या वेळी रस्त्यारस्त्यांवर ऐकला. त्याचे हे जुने भावंड.

तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सेप्टिमाबाई त्या परीक्षेला बसल्या, उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्या आणि त्यांचा पगार वाढला. समान पगाराच्या लढ्यात त्या आघाडीवर होत्या, पण परीक्षेला घाबरून नव्हे.

१९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यात वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. हा निकाल आपण सर्वांनी गौरवाने वाचला आहे. त्याची दुसरी बाजू आपल्याकडे कमी लिहिली जाते. शाळा एक झाल्या तेव्हा मुले काळ्यांच्या शाळेतून गोऱ्यांच्या शाळेत गेली, शिक्षक गेले नाहीत. काळ्यांच्या शाळा बंद झाल्या. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेच्या आणि सीमेवरच्या सतरा राज्यांत सुमारे अडतीस हजार काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्या नोकऱ्या गेल्या, असा अंदाज नेहमी दिला जातो. कोणाला गुण कमी म्हणून काढले, कोणाला पद रद्द म्हणून, कोणाला वर्तन योग्य नाही म्हणून. सेप्टिमाबाईंचे वर्तन असे अयोग्य होते की त्या काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या सभासद होत्या. १९५६ साली राज्याने कायदा केला की सरकारी नोकराने या संघटनेत राहता कामा नये. त्यांनी सभासदत्व लपवले नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली आणि निवृत्तिवेतनही गेले.

*

आता जे सांगणार आहे ते माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म आहे.

नोकरी गेल्यावर सेप्टिमाबाई टेनेसीतील हायलँडर लोकशाळेत कार्यशाळांच्या संचालक झाल्या. तेथे काळे आणि गोरे एका टेबलावर जेवत आणि एका छताखाली राहत. दक्षिणेत त्या काळी ही क्रांतीच होती. ड्यू बॉइस यांना त्याच टेनेसीत नाकारलेली पंगत सत्तर वर्षांनी येथे मिळाली म्हणा.

जॉन्स बेटावर ईसॉ जेंकिन्स नावाचे गृहस्थ बस चालवीत. बेटावरची माणसे कामाला चार्ल्स्टनला जात. मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेतील उतारा अधिकाऱ्यापुढे वाचून दाखवावा लागे. जेंकिन्स बसमध्येच प्रवाशांना तो शिकवीत. तेवढ्याने भागेना. प्रौढांसाठी शाळा हवी होती. सहकारी दुकान पुढे आणि मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे पाहणाऱ्याला संशय येऊ नये, अशी योजना ठरली आणि जानेवारी १९५७ मध्ये पहिला वर्ग भरला. चौदा जण आले.

शिक्षिका कोण? सेप्टिमाबाईंनी परवानाधारक शिक्षिका निवडली नाही. त्यांनी आपल्या नात्यातील बर्निस रॉबिन्सन यांना उभे केले. त्यांचा धंदा केस बांधण्याचा आणि शिवणकामाचा. शिक्षकाचे प्रमाणपत्र नाही, अनुभव नाही. परवानाधारक शिक्षकांना नोकरीची भीती होती हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे होते. पन्नाशीच्या शेतमजुराला वाचता येत नाही म्हणून त्याला खाली न पाहणारे माणूस त्यांना हवे होते. रॉबिन्सनबाईंनी पहिल्याच रात्री सांगितले की मी शिक्षिका नाही, आपण मिळून शिकू. लहान मुलांची पुस्तके आणली होती ती बाजूला ठेवली आणि लोकांना विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? उत्तरे आली : नाव लिहायचे आहे, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा आहे, घटनेतला उतारा वाचायचा आहे. अभ्यासक्रम तेथेच तयार झाला.

हे वाचून आपल्यातील एखादा कार्यकर्ता म्हणेल, झाले तर मग! परवाना हे ढोंग आहे, तळमळ पुरेशी आहे. मीही तरुणपणी असेच म्हणत असे. पण ते खरे नाही. रॉबिन्सनबाईंच्या पाठीशी चाळीस वर्षे वाचन शिकवलेल्या सेप्टिमाबाई होत्या. १९६१ साली हे काम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे आले, तेव्हा जॉर्जियातील डॉर्चेस्टर केंद्रात खेड्यापाड्यांतील न्हावी, शेतकरी, स्वयंपाकिणी यांना बोलावून पाच-पाच दिवसांचे प्रशिक्षण दिले जाई. नाव गिरवायला कसे शिकवावे, अक्षराचा आवाज कसा दाखवावा, फॉर्म फळ्यावर कसा काढावा, हे सारे शिकवीत. असे हजारो शिक्षक तयार झाले. सेप्टिमाबाईंनी नाकारला तो परवाना होता, प्रशिक्षण नव्हे. हा फरक ज्याला कळला त्याला परवान्याचे राजकारण कळले.

१९७६ साली दक्षिण कॅरोलिनाच्या राज्यपालांनी त्यांच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले आणि निवृत्तिवेतन सुरू केले. योगायोग असा की त्याच वर्षी राज्याने शिक्षक परीक्षेची नवी किमान गुणमर्यादा ठरवली. तीप्रमाणे काळ्या उमेदवारांपैकी ८३ टक्के अपात्र ठरत होते आणि गोऱ्यांपैकी १७.५ टक्के. संघीय सरकारने दावा लावला. न्यायालयाने म्हटले की राज्याचा हेतू भेदभावाचा नाही, पात्र शिक्षक मिळवण्याचा आहे. जानेवारी १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. दोन न्यायमूर्तींनी असहमती दर्शवली. ही परीक्षा महाविद्यालयात जे शिकवले ते मोजते, वर्गात शिकवता येते की नाही हे मोजते असे सिद्ध झालेले नाही, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता.

*

येथेच लेख संपवला असता तर तो सोपा झाला असता. परवाना म्हणजे शोषकांचे हत्यार, एवढे सांगून टाळ्या मिळाल्या असत्या. पण मी शिक्षक आहे आणि शिक्षकाने बाकावर बसलेल्या मुलाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे.

मिशिगन राज्यातील ॲन आर्बर गावी मार्टिन ल्यूथर किंग यांच्याच नावाची प्राथमिक शाळा होती. तेथील गरीब काळ्या मुलांना वाचता येत नव्हते आणि शाळेने त्यांना मंद, वर्तनात बिघडलेली असे शिक्के मारले होते. १९७७ साली त्यांच्या आयांनी शाळा मंडळावर खटला भरला. निकालाच्या वेळी अकरा मुले वादी होती. भाषाशास्त्रज्ञ जिनीव्हा स्मिदरमन यांनी साक्ष उभी केली की या मुलांची घरची बोली ही बिघडलेली इंग्रजी नव्हे, तिचे स्वतःचे नियम आहेत. जुलै १९७९ मध्ये न्यायमूर्ती चार्ल्स जॉइनर यांनी आदेश दिला की मुलांची घरची बोली ओळखणे आणि त्या ज्ञानाचा उपयोग करून त्यांना प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवणे, हे शाळेने आपल्या शिक्षकांना शिकवावे आणि तीस दिवसांत तशी योजना सादर करावी.

हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. शिक्षकाला काय आले पाहिजे हे या वेळी विधिमंडळाने ठरवले नाही, परीक्षा घेणाऱ्या कंपनीने ठरवले नाही. ती मागणी आयांनी केली.

मी अध्यापक विद्यालयात पंचवीसहून अधिक वर्षे शिकवले. आमच्या छात्राध्यापकांच्या वह्यांतील ऱ्हस्व-दीर्घ मी तपासले, शैक्षणिक साहित्याचे तक्ते तपासले. पण घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘पाणी’ कसे वाचायला शिकवावे, हे मी कधी पाठात घेतले नाही. मला कोणी शिकवले नव्हते आणि मीही शिकवले नाही. वर्गात हसू होत असे, एवढे मला आठवते. मी स्वतः पहिलीत असताना त्या हसण्याचा धनी झालो होतो. न आणि ण यांतील फरक ज्या कानाने घरी कधी ऐकला नाही, त्या कानाला तो आधी ऐकवावा लागतो आणि मग अक्षर दाखवावे लागते, ही साधी गोष्ट आहे. ती ठाऊक नसलेला शिक्षक सवर्ण असला तर मुलाला जातीवरून हसतो आणि आपल्यातला असला तर लाजेने मुलाला दटावतो. मुलाचे नुकसान दोन्हीकडे सारखेच. माझ्या हातून ते झाले आहे, हे येथे कबूल करतो.

ॲन आर्बरपासून डेट्रॉइट फार दूर नाही. २०१६ साली तेथील मुलांनी मिशिगन राज्यावर खटला भरला. मागणी एकच : आम्हाला वाचायला शिकवा. दाव्यात म्हटले होते की शिक्षक नाही म्हणून एका शाळेत आठवीच्या विद्यार्थ्यानेच महिनाभर गणिताचा वर्ग घेतला. आणि त्याच २०१६ साली राज्याने डेट्रॉइटच्या शाळांना परवाना नसलेले शिक्षक नेमण्याची कायद्याने मुभा दिली होती. ही मुभा साऱ्या राज्याला नव्हती, काळ्या मुलांच्या या शहराला होती! एप्रिल २०२० मध्ये संघीय अपील न्यायालयाच्या खंडपीठाने मूलभूत साक्षरता हा घटनात्मक हक्क आहे असे म्हटले. पुढच्याच महिन्यात तो निकाल रद्दबातल झाला, पण त्याआधी राज्याने मुलांशी तडजोड केली होती.

आता दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहा. काळा माणूस शिक्षक व्हायला आला की अट वाढते आणि काळे मूल विद्यार्थी म्हणून आले की अट सैल होते. कुंपण तेच आहे. माणसाला अडवायचे तेव्हा उंच करतात आणि मुलाला राखायची वेळ आली की पाडतात. आपल्या पालावरच्या, तांड्यावरच्या, पाड्यावरच्या मुलांना वर्षानुवर्षे कोण शिकवीत आले आणि किती मानधनावर, याचा विचार वाचकांनी स्वतः करावा.

*

गेल्या पंचवीस वर्षांत परवान्याच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आली. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाने शेकडो संशोधने तपासून सांगितले की मूल आपोआप वाचायला शिकत नाही. शब्दातील ध्वनी वेगळे ऐकणे, ध्वनी आणि अक्षर जोडणे, ओघ, शब्दसंपत्ती आणि अर्थबोध हे सारे शिकवावे लागते. मग प्रश्न आला की हे शिक्षकाला तरी येते का? मिसिसिपी राज्याने २०१३ साली वाचनाचा कायदा केला आणि २०१६ साली प्राथमिक शिक्षकाच्या परवान्यासाठी वाचनाच्या पायाभूत ज्ञानाची परीक्षा लावली. हे तेच मिसिसिपी, ज्याने १८९० साली काळ्यांना मतदानातून हुसकण्यासाठी घटनेत वाचनाची अट घातली होती. परंतु या वेळी केवळ परीक्षा लावून राज्य मोकळे झाले नाही. नोकरीत असलेल्या शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि मागे पडलेल्या शाळांत वाचनाचे मार्गदर्शक पाठवले. तिसरीच्या ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांना वर न ढकलण्याची तरतूदही केली आणि त्यावर वाद आहे. तरीही चौथीच्या वाचनात देशाच्या तळाशी असलेले हे गरीब राज्य २०१९ साली राष्ट्रीय सरासरीपर्यंत पोचले आणि २०२४ साली तिच्या वर गेले. काळ्या मुलांचे गुणही वाढले.

उलट, न्यूयॉर्क शहरात एका सर्वसामान्य ज्ञानाच्या परीक्षेपायी काळे आणि स्पॅनिशभाषक शिक्षक वर्षानुवर्षे नापास होत राहिले. ती परीक्षा शिकवण्याच्या कामाशी संबंधित असल्याचे सिद्ध झालेले नाही, असा निकाल २०१२ साली लागला. एका परीक्षेने मुलाला काय हवे ते विचारले आणि ते शिक्षकाला शिकवलेही. दुसरीने नुसतेच चाळले.

आणि पंगतीचे काय? टेनेसीत १९८५ ते १९८९ या काळात लहान वर्गांतील मुलांना चिठ्ठ्या टाकाव्या तसे वर्गांत वाटून एक मोठा प्रयोग झाला होता. त्याच्या नोंदी पुढे संशोधकांनी तपासल्या. ज्या काळ्या मुलांना सुरुवातीच्या वर्गांत एखादा तरी काळा शिक्षक लाभला, ती महाविद्यालयापर्यंत जाण्याचे प्रमाण इतर काळ्या मुलांहून अधिक दिसले. म्हणजे मुलाला दोन गोष्टी लागतात. वाचन शिकवण्याची विद्या असलेला शिक्षक लागतो आणि त्याच्या पंगतीला बसणारा शिक्षक लागतो.

हे सांगायला अमेरिकेला जायची गरज नव्हती. ज्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली, त्या जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले. त्यांचे म्हणणे असे होते की प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळजवळ सारे ब्राह्मण आहेत, त्यांतील बहुतेक अप्रशिक्षित आहेत आणि पगार तुटपुंजा आहे. शिक्षक प्रशिक्षित असलाच पाहिजे. पण तो होता होईल तो शेतकरी वर्गातून यावा, म्हणजे तो मुलांत मिसळेल, त्याला नांगराची मूठ धरायला लाज वाटणार नाही. आणि त्याचा पगार वाढवा. प्रशिक्षण, आपला माणूस आणि पोटापुरता पगार या तीन गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या. एकीच्या बदल्यात दुसरी सोडा, असे जोतीराव म्हणाले नाहीत. सावित्रीबाईही वर्गात उभ्या राहण्यापूर्वी शिक्षिकेचे रीतसर शिक्षण घेऊन आल्या होत्या.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला मी आता उत्तर देऊ शकतो. बाबा रे, परीक्षेला शिव्या देत बसू नको आणि तिच्या पायाही पडू नको. तिला तीन प्रश्न विचार. तुझी अट कोणी मागितली, मुलांच्या आयांनी की मालकांनी? तू जे विचारतेस त्याने पालावरच्या पोराला वाचता येईल का? आणि तू जे विचारतेस ते आम्हाला शिकवण्याची सोय कोणी केली? तिन्हींची उत्तरे नीट मिळाली तर अभ्यासाला बस आणि सेप्टिमाबाईंसारखा पहिल्या प्रतीने उत्तीर्ण हो. मिळाली नाहीत तर अट बदलून घेण्यासाठी उभा राहा. मात्र दोन्ही वेळी तुझ्या वर्गातल्या पोराला ‘ण’ शिकवायचा राहू देऊ नको. तो कोणत्याही निकालाची वाट पाहू शकत नाही.

तो परवा पुन्हा आला होता. टीईटीची पुस्तके त्याने घेतली आहेत. जाताना म्हणाला, “सर, ते न आणि ण कसे शिकवायचे, रविवारी दाखवाल का?” मी हो म्हटले. आम्ही दोघांनी एकाच पातेल्यातला चहा सारख्याच कपांतून घेतला आणि मी फळा पुसायला घेतला.